जिवाला घोर

आत्तीने, म्हणजे माझ्या आत्याने, 'मला भीती वाटते' असं कधी म्हटलं नाही. तिच्या बोलण्यात ते वाक्यच नव्हतं. बेळगावजवळच्या बेळगुंदीची लेक, गावातल्या गावातच दिलेली. राकसकोपच्या बाजूच्या रानातून जळणाचा भारा डोक्यावर घेऊन तिन्हीसांजेला एकटी परत यायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यावर भाताची दोन आणि रताळ्याचं एक अशी तीन शेतं तिने पंधरा वर्षं एकटीने केली. अशा बाईला सत्तरी उलटल्यावर रोज दुपारी चार वाजले की काहीतरी व्हायला लागलं. हात गार पडायचे, छातीत धडधडायचं, पोटात कालवायचं. मग ती सोप्यातून दारात आणि दारातून सोप्यात फेऱ्या घालायची. मुलगा गोव्याला वेर्ण्यातल्या कारखान्यात. त्याचा फोन सातला यायचा. "काय होतंय गे आत्ती?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "जिवाला घोर लागूलालाय बघ."

तिच्या उशाशी एक प्लास्टिकची पिशवी असायची. तीत ईसीजीच्या सात पट्ट्या, दोन एको, थायरॉईडचा रिपोर्ट, साखरेचा रिपोर्ट. सगळं ठीक. या तपासण्या करायलाच हव्यात याबद्दल माझ्या मनात शंका नाही, कारण थायरॉईड वाढला, हृदयाचा ठोका चुकायला लागला किंवा दम्याचं औषध जास्त झालं तरी अंगात अगदी असंच होतं. पण सगळं ठीक आहे असं कळल्यावर पुढे काय, याचं उत्तर आम्हांला तीन दवाखान्यांत एकच मिळालं: "काही नाही, वयामुळे होतं." शेवटच्या ठिकाणी झोपेसाठी म्हणून एक बारीक गोळी लिहून दिली. आत्तीला खरंच झोप लागायला लागली. चौथ्या महिन्यात पहाटे परसात जाताना ती उंबऱ्याला अडखळून पडली आणि उजवं मनगट मोडलं. त्या गोळीसारख्या, अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्यांनी वयस्कर माणसांचा तोल जातो, स्मरण धूसर होतं, पडून हाडं मोडतात. म्हणून त्या शक्यतो टाळाव्यात, असं अमेरिकेत १९९१ साली पहिल्यांदा तयार झालेल्या आणि पुढे वेळोवेळी सुधारलेल्या बिअर्स यादीत म्हटलं आहे. हे मी मनगट मोडल्यानंतर वाचलं. त्या गोळ्या एकदम बंदही करता येत नाहीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी कराव्या लागतात, हेही तेव्हाच कळलं.

आत्तीच्या आजाराकडे मी नीट पाहायला लागलो तो तिच्या त्या शब्दामुळे. घोर. मराठीने या एका अवस्थेचे किती बारीक भेद करून ठेवले आहेत! धसका घडून गेलेल्या गोष्टीचा असतो, धास्ती घडू शकेल अशा गोष्टीची. धाकधूक निकालापर्यंतची, निकाल कसाही लागो, ती संपते. हुरहूर कुणाच्या तरी नसण्याने लागते. दोन वाटांतली एक धरता येत नसली की घालमेल. काहूर डोक्यात माजतं, कालवाकालव पोटात होते, पाल मनात चुकचुकते. आणि घोर थेट जिवाला लागतो. त्याला एक कारण नसतं. मुलाचा फोन आला की घोर नातीच्या परीक्षेवर जाऊन बसतो, परीक्षा संपली की छपराच्या गळतीवर. जागा बदलतो पण सुटत नाही. मनोविकारांच्या अमेरिकन वर्गीकरणात १९८० साली या अवस्थेला स्वतंत्र नाव मिळालं, आणि आजची कसोटी अशी आहे की किमान सहा महिने, बहुतेक दिवस, एकाहून अधिक गोष्टींची, आवरता न येणारी काळजी. आमच्याकडच्या बायका हे सगळं दोन अक्षरांत सांगत आल्या आहेत.

हा शब्दांचा खेळ नाही. म्हाताऱ्या माणसाला "तुम्हांला चिंता वाटते का?" असं विचारा, ते नाही म्हणेल. चिंता हा आमच्याकडे कीर्तनातला शब्द. "भीती वाटते का?" म्हटलं तर त्याला अपमान वाटेल. "जिवाला घोर लागतो का? रात्री डोळा लागतो का? पोटात कालवतं का?" असं विचारलं की ते पायरीवर बसतं आणि सांगायला लागतं. वृद्धांमधली चिंता मोजण्यासाठी २००७ साली ऑस्ट्रेलियात तयार झालेली वीस वाक्यांची प्रश्नावली मी पाहिली. नुसतं 'पटतं' किंवा 'पटत नाही' एवढंच सांगायचं, म्हणजे थकलेल्या माणसालाही जमावं, ही तिच्यामागची दृष्टी मला फार आवडली. पण तिचं मराठी कुणाचं असेल, पुण्याचं की बेळगुंदीचं, यावर सगळं अवलंबून आहे.

म्हातारपणी बोलून काय उपयोग, ही समजूत फक्त आपल्या दवाखान्यांतली नाही. ज्या माणसाने बोलण्याला उपचाराचा दर्जा दिला त्यानेच ती रुजवली. १९०४च्या डिसेंबरात व्हिएन्नात डॉक्टरांपुढे दिलेल्या व्याख्यानात फ्रॉइडने म्हटलं की पन्नाशीच्या आसपास किंवा पुढे गेलेल्यांच्या मनात लवचीकपणा उरत नाही, त्यांना नवं शिकवता येत नाही. तेव्हा तो स्वतः अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, आणि त्याचं निम्मं तरी लेखन त्यानंतरचं आहे. त्याचाच सहकारी कार्ल अब्राहम याने १९१९ साली पन्नाशीपुढच्या रुग्णांना आलेला गुण नोंदवला आणि सांगितलं की माणसाच्या वयापेक्षा दुखण्याचं वय महत्त्वाचं. हे वाक्य डॉक्टरांच्या टेबलावर लिहून ठेवावं असं आहे. आत्ती चौऱ्याहत्तर वर्षांची होती, पण तिचा घोर तीनच वर्षांचा होता. मग १९६३ साली रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने आणखी एक गोष्ट दाखवली. म्हातारी माणसं जुनंच उगाळतात याला बुद्धी चळल्याचं लक्षण मानत असत. बटलर म्हणाला, हे गतायुष्याचं अवलोकन आहे, ते मनाचं काम आहे, आणि कुणी ऐकणारं असलं तर त्यातून माणूस मोकळा होतो. वयावरून माणसाला कमी लेखण्याच्या वृत्तीला इंग्रजीत आज जो शब्द आहे, तोही बटलरनेच १९६९ साली घडवला.

आत्तीला ज्या समुपदेशक मुलीकडे नेलं ती खानापूर तालुक्यातली. घरी मराठी, शाळा मराठी, पुढचं शिक्षण कानडी-इंग्रजीत. आत्ती आधी यायला तयार नव्हती. आमच्या भागात मनाचा डॉक्टर म्हटलं की डोळ्यांपुढे धारवाडचं इस्पितळ येतं. 'याला धारवाडला न्या' ही शिवी आहे. शेवटी तिला बाहेर काढलं ते बसने. २०२३च्या जूनपासून कर्नाटकात बायकांना साध्या सरकारी बसला तिकिटाचे पैसे पडत नाहीत. "फुकटचं जायचंय, बसून यायचंय," एवढंच मी म्हणालो आणि आत्तीने आधारकार्ड पदराला बांधलं.

त्या मुलीने पहिल्या भेटीत काय केलं ते मी दाराबाहेरच्या बाकावरून ऐकत होतो. तिने कशाची भीती वाटते असं विचारलं नाही. ती म्हणाली, "आज्जी, काल चार वाजल्यापासून काय काय झालं ते सांगा. सगळं सांगा, घाई नाही." आत्ती चाळीस मिनिटं बोलली. जुनी बस सुरू व्हावी तशी रडतखडत सुरू झाली आणि मग थांबेना. मधे तिने मामांच्या शेवटच्या आजारापर्यंत मजल मारली, तिथून रताळ्याच्या पडलेल्या भावावर आली, तिथून मुलाच्या मोटरसायकलवर. परतीच्या बसमध्ये बराच वेळ गप्प बसून ती म्हणाली, "ती पोरगी मधे बोलली न्हाई."

तिला आयुष्यभर भेटलेली सगळी माणसं मधे बोलली होती. त्यात मीही आलो. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने काळजी बोलून दाखवली की समोरचा ताबडतोब ती झाकून टाकतो. "कशाला काळजी करतेस, सगळं चांगलं होईल," "देवाचं नाव घे," "तुझ्या वयाच्या बायका बघ." हे सगळं प्रेमाने म्हटलेलं असतं, आणि ऐकणाऱ्याला कळतं ते एवढंच की हा विषय इथे बोलायचा नाही.

गीतेच्या पहिल्या अध्यायाची आठवण मला अशा वेळी होते. अर्जुनाचे अवयव गळतात, तोंडाला कोरड पडते, अंगाला कंप सुटतो, त्वचेची आग होते. आजच्या कुठल्याही वैद्यकीय पुस्तकात शोभेल असं हे वर्णन आहे. त्या साऱ्या अध्यायात श्रीकृष्णाच्या तोंडी जेमतेम अर्धी ओळ आहे. तो सांगायला लागतो ते दुसऱ्या अध्यायापासून. आपण गीता म्हटलं की उपदेश आठवतो. त्याआधी एक पूर्ण अध्याय ऐकण्याचा आहे, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

पुढच्या भेटींत मात्र ती मुलगी नुसती ऐकत बसली नाही. बोलण्याचे उपचार म्हणजे मन मोकळं करणं असा एक गैरसमज आहे. मन मोकळं करणं ही सुरुवात झाली. आत्ती रोज चार ते सातच्या मधे मुलाला आठ-दहा वेळा फोन लावायची. उचलला की बरं वाटायचं, आणि तेच बरं वाटणं दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा फोनकडे न्यायचं. चार वाजता बाहेर असलो आणि चक्कर आली तर, म्हणून तिने देवळातलं भजन सोडलं होतं. घोर टाळण्यासाठी जे जे सोडलं त्याने घोर वाढत गेला होता. हे त्या मुलीने तिला सांगितलं नाही, विचारत विचारत तिच्याकडूनच वदवलं. अल्बर्ट एलिसने १९५० च्या दशकात आणि ॲरन बेकने १९६० च्या दशकात ज्या उपचारपद्धतीची मांडणी केली तिचा प्राण या विचारण्यात आहे. मराठीत ती आणण्याचं मोठं काम मुंबईच्या कि. मो. फडके यांनी केलं; ठाण्यात १९९० साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी त्याच परंपरेतले. समर्थ रामदासांनी दोनशे पाच श्लोक स्वतःच्या मनाला उद्देशून लिहिले, म्हणजे मनाशी बोलायचं असतं हे आपल्याला नवं नाही. पण समर्थ मनाला आज्ञा करतात. हा उपचार मनाला प्रश्न विचारतो. जिचं मन आयुष्यभर इतरांच्या आज्ञा ऐकत आलं आहे, अशा बाईला प्रश्न विचारला जाणं ही केवढी नवलाची गोष्ट आहे, हे मला आत्तीच्या चेहऱ्यावर दिसायचं.

अमेरिकेतल्या थॉमस बोर्कोव्हेक या मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली काळजीसाठी एक साधी युक्ती मांडली. दिवसभर काळजी आली की तिला म्हणायचं, आत्ता नको; आणि रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी अर्धा तास बसून काळजीच करायची. आलेली काळजी वहीत टिपून ठेवली की ती विसरण्याची काळजी राहत नाही. आत्तीला वही दिली तर ती म्हणाली, "चौथी शिकलेली मी, चष्म्याचा नंबरपण बदललाय, कोण लिहिणार?" मग तिनेच तोड काढली. कोनाड्यातल्या डब्यात वर्षाच्या चिंचेचे चिंचोके होते. काळजी आली की एक चिंचोका पितळी वाटीत टाकायचा, हा अमक्याचा म्हणून मनात ठेवायचं. संध्याकाळी साडेपाचला दारातल्या कट्ट्यावर वाटी घेऊन बसायचं आणि एकेक चिंचोका हातात धरून त्याची काळजी करायची. सहा वाजले की वाटी उचलायची.

मी एका रविवारी तिच्यासमोर बसलो होतो. त्या आठवड्याचे सगळे चिंचोके तिने सुपात ओतले. एकतीस निघाले. गहू निवडावेत तशी ती एकेक बाजूला करायला लागली. हा पोरग्याची गाडी घाटात घसरण्याचा: नाही झालं. हा छपराचा: कौल सरकलं होतं, खरं. हा नातीच्या तापाचा: ताप उतरला. बोट चिंचोक्यावर ठेवून ती क्षणभर थांबायची, आठवायची, मग तो डावीकडे किंवा उजवीकडे. उजवीकडे दोनच आले. ती बराच वेळ त्या दोन ढिगांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "एकतीस पेरले, उगवले दोन." जन्मभर शेती केलेल्या बाईला हा हिशेब कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

श्वासाचंही असंच झालं. छातीत धडधडायला लागलं की श्वास हळू सोडायचा, घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावायचा, असं त्या मुलीने शिकवलं. आकडे मोजता मोजता आत्तीचा गोंधळ उडायचा. मग एकदा ती चुलीपुढची फुंकणी घेऊन बसलेली दिसली. चुलीत जाळ नव्हता. ओठ आवळून, गाल न फुगवता, ओल्या लाकडाला धुराशिवाय पेटवताना मारतात तशी लांब, सावकाश फुंकर ती मारत होती. साठ वर्षं तिची फुप्फुसं हा व्यायाम करत आली होती. गॅस आल्यावर तो थांबला होता.

इथपर्यंत गोष्ट सोपी होती. अवघड भाग पुढे आला. एका भेटीत आत्ती एकदम उसळून म्हणाली, "काळजी करायची न्हाई तर आई कशाला व्हायचं गे बाय?" त्या मुलीला उत्तर सुचलं नाही. मलाही बाहेर बसून सुचलं नाही. काळजी आणि काळीज एकाच घरातले शब्द आहेत. आपण 'काळजी करू नको' म्हणतो आणि त्याच श्वासात 'काळजी घे' म्हणतो. इंग्रजीत या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत आणि बहुतेक उपचारपद्धती त्या भाषेत घडल्या आहेत. आमच्या म्हाताऱ्या माणसांना काळजी सोडून द्या असं सांगणं म्हणजे माया सोडा असं सांगण्यासारखं ऐकू येतं. त्यांच्या हातून कामं गेली, शेत गेलं, स्वयंपाक सुनेकडे गेला. मुलांवरचा हक्क सांगायला काळजी तेवढी उरली आहे. ती काढून घ्यायची तर त्या जागी काय ठेवणार? मला वाटतं, करण्याची काळजी घेण्याच्या काळजीत कशी वळवायची, हाच मराठी म्हाताऱ्यांसाठीच्या बोलण्याच्या उपचाराचा मुख्य प्रश्न आहे, आणि तो परभाषेतल्या पुस्तकांत नीटसा सापडणार नाही. आत्तीपुरतं उत्तर असं निघालं: मुलाला आठ फोन करायचे नाहीत, दर शनिवारी गोव्याच्या बसने तांदूळ, लोणचं, आणि हंगामात रताळी पाठवायची. शुक्रवारची संध्याकाळ बांधाबांधीत जायला लागली.

दुसरी अडचण अशी की म्हाताऱ्यांच्या सगळ्या काळज्या खोट्या नसतात. तरुणाला 'असं होणार नाही' म्हणून दाखवता येतं. चौऱ्याहत्तरीच्या माणसाच्या बाबतीत बरंच काही होणारच असतं. आत्तीच्या उजवीकडच्या ढिगात एक चिंचोका दर आठवड्याला यायचा: ट्रंकेतले कागद. शेताच्या उताऱ्याबद्दल तलाठ्याकडून आलेले दोन कागद तिने लुगड्याखाली ठेवून दिले होते. ते कानडीत होते. आत्तीला कानडी बाजारापुरतं बोलता येतं, वाचता येत नाही. ती जन्मली तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, आणि तेव्हापासून या पट्ट्यातल्या हजारो घरांत असे न वाचता येणारे कागद ट्रंकांत साठत आले आहेत. शेजाऱ्याच्या पोराला दाखवायचे तर घरचं गुपित बाहेर जाईल ही धास्ती. त्या मुलीने कागद मागवले आणि मराठीत वाचून दाखवले. एक नुसती वारसनोंदीची सूचना होती, दुसऱ्यावर सही करून द्यायची होती. त्या तासाभरात विचारांची कुठलीही फेरमांडणी झाली नाही. पण त्या रात्री आत्ती गोळीशिवाय झोपली.

याला उपचार म्हणायचं का? गोव्यात ते म्हणून झालेलं आहे. चोर्ला घाट उतरला की गोवा आमच्यापासून फार लांब नाही, तरी हे काम आमच्याकडे फारसं माहीत नाही. 'संगत' ही विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात सुरू केलेली संस्था. तिथे डॉ. अमित डायस आणि इतरांनी साठीपुढच्या १८१ माणसांबरोबर एक प्रयोग केला. मनाची अस्वस्थता सुरू झालेली, पण मोठ्या नैराश्यापर्यंत न पोहोचलेली अशी ही माणसं. निम्म्यांकडे साध्या प्रशिक्षित कार्यकर्त्या गेल्या; त्या मनोविकारतज्ज्ञ नव्हत्या. अडचण कोणती, तिचे तुकडे कसे पाडायचे, पहिला तुकडा या आठवड्यात कसा सोडवायचा, एवढंच त्या बसून ठरवायच्या. झोपेच्या सवयी, साखर-रक्तदाबाची निगा, आणि सरकारी योजनांपर्यंत पोहोचायला मदत, हेही त्याच उपचाराचे भाग होते. वर्षभरानंतर कार्यकर्त्यांच्या गटात ९१ पैकी ४ जणांना मोठं नैराश्य आलं. ज्यांना नेहमीचेच उपचार मिळाले त्या गटात ९० पैकी १३ जणांना. पेन्शनचा अर्ज भरून देणं आणि मन सांभाळणं यांत त्यांनी भिंत घातली नाही, ही त्या प्रयोगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट.

गुण येतो तो किती, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. ह्यूस्टनमध्ये १३४ वृद्धांवर झालेल्या आणि २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे दहा भेटींनंतर काळजी कमी झाली, मनाची उदासीही उतरली, पण विकाराची तीव्रता मोजणाऱ्या एका मोजपट्टीवर फरक दिसला नाही. तरुणांपेक्षा वृद्धांना गुण थोडा कमी येतो असंही दिसतं. त्यांच्यासाठी गती कमी करावी लागते, एका भेटीत एकच गोष्ट घ्यावी लागते, मोठ्याने बोलावं लागतं. आत्तीचा डावा कान अधू आहे हे तिसऱ्या भेटीत ध्यानात आलं. खुर्ची उजवीकडे सरकवल्यावर निम्मं काम सोपं झालं.

पाचव्या की सहाव्या भेटीत ती १९८६ बद्दल बोलली. त्या वर्षी जूनमध्ये कन्नड सक्तीविरुद्धच्या आंदोलनात बेळगुंदीत पोलिसांचा गोळीबार झाला आणि गावाने माणसं गमावली. दर जूनमध्ये अभिवादन होतं, भाषणं होतात, हार घातले जातात. हे सगळं मी लहानपणापासून पाहिलेलं. आत्ती त्या दिवशी कुठे होती, हे मी तिला कधीही विचारलं नव्हतं. घरातल्या कुणीच विचारलं नव्हतं. ती काय म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. ते तिचं आहे. एवढंच सांगतो की घरातला पुरुष बाहेर असताना दाराशी उभं राहून वाट पाहायची सवय तिच्या अंगात नेमकी कुठून आली ते मला त्या दिवशी कळलं. गावाच्या स्मृतीला स्मारक मिळतं, बाईच्या स्मृतीला कान मिळत नाही.

आपल्या बायकांना पूर्वी कान नव्हते असं नाही. जातं होतं. पहाटे दळताना ओवीतून जे सासूला सांगता येत नाही ते जात्याला सांगायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा लाखभर ओव्या गोळा केल्या. एवढं मोठं मनोगत जगात फार थोड्या भाषांपाशी असेल. पिठाची गिरणी आली, हाताचे घट्टे गेले, त्याचं कुणालाही दुःख नसावं. पण दळताना सोबत बसणारी बाईही त्याबरोबर गेली. ग्रामदेव रवळनाथापुढे गाऱ्हाणं घालायची रीत अजून आहे. सगळ्या गावादेखत, मोठ्या आवाजात, नाव घेऊन अडचण बोलली जाते आणि जमलेली माणसं 'होय महाराजा' म्हणतात. मला यात खोल शहाणपण दिसतं: दुःख उच्चारलं गेलं आणि चारचौघांनी ते ऐकलं. उणीव एवढीच की गाऱ्हाणं बहुधा पुरुष घालतो, आणि देव उलट प्रश्न विचारत नाही.

ऐकणारी आणि उलट विचारणारी माणसं मात्र तयार करता येतात. झिंबाब्वेच्या हरारे शहरात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ साली चौदा आज्यांना हाताशी धरलं. देशात तज्ज्ञ मूठभर, मग दवाखान्याबाहेर एक लाकडी बाक टाकला आणि त्यावर आज्यांना बसवलं. आधी त्या बाकाच्या नावात मानसिक आरोग्य हे शब्द होते, तेव्हा कुणी फिरकेना. आज्यांनीच सांगितलं, मैत्रीचा बाक म्हणा. तिथल्या शोना भाषेत या दुखण्याला 'कुफुंगिसिसा' म्हणतात, म्हणजे अति विचार करणं. आमच्याकडे 'विचार करकरून आजारी पडली' असंच म्हणतात की. पुढे २०१६ साली या कामाची रीतसर चाचणी प्रसिद्ध झाली आणि बाकावर बसलेल्यांची लक्षणं स्पष्ट कमी झालेली दिसली.

कर्नाटकाला हा विचार परका नाही. साध्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना शिकवून खेड्यात मानसिक उपचार नेण्याचा प्रयोग बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १९८० च्या दशकात बळ्ळारी जिल्ह्यात केला, आणि १९९६ साली सुरू झालेला देशाचा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम त्याच नमुन्यावर उभा राहिला. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. अनेक भाषांत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो की रुग्णाला त्याच्या उपचाराची माहिती त्याला समजेल अशा भाषेत मिळाली पाहिजे. सीमाभागात भाषेची मागणी म्हटली की फलक, शाळा आणि उतारे आठवतात. ती मागणी मी माझी मानतो. तिच्यात मला एक भर घालायची आहे: रात्री तीन वाजता जाग आलेल्या म्हाताऱ्या माणसाला आपली धडधड ज्या शब्दांत सांगता येते, ते शब्द समजणारं माणूस तालुक्याच्या दवाखान्यात असावं. बेळगुंदी, कडोली, उचगाव, येळ्ळूर इथे साहित्य संमेलनं भरतात, मांडवात हजारो माणसं बसतात. त्याच मांडवाच्या कडेला एक बाक टाकावा आणि गावातल्या चार समंजस बायकांना, आशा कार्यकर्तींना, निवृत्त शिक्षिकांना ऐकायला शिकवावं, असं मी दोन ठिकाणी सुचवून पाहिलं. एका ठिकाणी होकार आला आहे.

आत्तीच्या भेटी दहा ठरल्या होत्या, बारा झाल्या. घोर गेला असं ती म्हणत नाही. "येतो, बसतो, जातो," म्हणते. भजनाला जाते. गोळी डॉक्टरांनी तीन महिन्यांत उतरवत बंद केली. शेवटच्या भेटीला जाताना तिने वाटी बरोबर घेतली होती. त्या मुलीने विचारलं, "आज्जी, आता चिंचोके काय करणार?" आत्तीने वाटी टेबलावर रिकामी केली, सगळे तिच्याकडे सरकवले आणि त्यातला एक परत उचलला. मोठा, काळा, कडेला थोडा झिजलेला. हा कुणाचा ते विचारायची गरज नव्हती.

"एवढा राहू दे गे बाय माझ्याजवळ," ती म्हणाली, आणि आधारकार्डाच्या गाठीतच तो बांधला.